वणव्यानंतरचा माळ

चैत्र-वैशाखात अलिबागहून मुरुडकडे जाताना एका बाजूस नारळी-पोफळीच्या हिरव्या वाड्या दिसतात, तर दुसऱ्या बाजूस डोंगरावरचे वाळलेले पिवळे माळ. अशा माळावर कधी वणवा पेटतो. कोणी विडीचे थोटूक टाकलेले असते. कोणी नवे गवत चांगले यावे म्हणून मुद्दाम काडी लावलेली असते. कधी शेतात भाजलेल्या राबाची ठिणगी वाऱ्याने उडालेली असते. घटकाभरात सारा माळ काळाठिक्कर पडतो.

परंतु मृगाच्या सरी पडल्या, की त्याच माळावर टाकळ्याची कोवळी रोपे डोके वर काढतात. कवल्याची इवलीइवली पाने उलगडतात. पुढे खुळखुळ्याची पिवळी फुले वाऱ्यावर डोलू लागतात. ही सर्व शेंगांची झाडे होत. मूग, वाल, चवळी यांची रानातील भावंडे. मग आग लागली, तेव्हा ती होती कोठे?

ती बीजरूपाने मातीत निजली होती. यांतील बहुतेक रोपांचे आयुष्य एका पावसाळ्याचे. आग लागण्यापूर्वीच त्यांच्या शेंगा पिकून बरेचसे बी भुईवर सांडते. गवताची आग वेगाने पुढे सरकते आणि मातीतून उष्णता सहजासहजी खाली उतरत नाही. त्यामुळे उघड्यावरचे बी जळते, पण खोल गेलेले बी सुरक्षित राहते. या दोहोंच्या मधल्या थरातील बियांची गोष्ट मोठी नवलाची आहे. त्यांचे कवच इतके कठीण असते, की त्यातून पाणी आत शिरत नाही. असे बी वर्षानुवर्षे तसेच पडून राहू शकते. बेताची धग लागली, की त्या कवचाला सूक्ष्म भेग पडते. मग पावसाचे पाणी आत जाते आणि बी रुजते.

हे तुम्हांलाही पडताळून पाहता येईल. टाकळ्याचे वाळलेले बी आणा. दहा बिया खरखरीत दगडावर थोड्या घासा, दहा तशाच ठेवा आणि दोन्ही वेगवेगळ्या वाट्यांत भिजत घाला. कोणत्या आधी फुगतात, ते पाहा.

घोडवेलीची रीत निराळी. तिचा वेल जळतो. पण जमिनीखालच्या कंदात अन्नसाठा असतो. त्याच्या बळावर तिला नवे कोंब फुटतात.

यांतील काही झाडे जमिनीचीही शुश्रूषा करतात. गवत जळताना त्यातील बरेचसे नत्र धुराबरोबर निघून जाते. शेंगांच्या अनेक झाडांच्या मुळांवर गाठी असतात, टाकळ्याच्या मुळांवर मात्र त्या नसतात. त्यांतील सूक्ष्म जंतू हवेतील नत्र धरून ठेवतात व हळूहळू ते मातीस मिळते.

म्हणून वणवा हितकर, असे मात्र समजू नका. दरवर्षी आग लागली, तर मातीतील बियांचा साठा घटत जातो. झाडांची रोपे आणि भुईवरची घरटी भस्म होतात. उघड्या पडलेल्या उतारावर दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तो माती आणि तिच्या कुशीतील बीही खाडीकडे वाहून नेतो. मुरुडजवळ फणसाडचे रान आहे. जंजिऱ्याच्या नबाबांचे हे शिकारीचे रान १९८६ साली अभयारण्य झाले. तेथेही असे माळ आहेत. आग पसरू नये म्हणून रानात गवत काढून मोकळे पट्टे राखतात. त्यांना जाळरेषा म्हणतात.

बी एखादा वणवा सोसते, कारण माती त्याला पाठीशी घालते. ती मातीच वाहून गेली, तर त्याने कोणाचा आसरा घ्यावा? माळावर काडी ओढण्यापूर्वी प्रत्येकाने हा विचार करावा.