भाडेकरार तोंडी नको, लेखी व नोंदणीकृत हवा

दुकान, गाळा किंवा कारखान्याची जागा भाड्याने घेताना आपले व्यापारी व कारागीर बंधू दोन गोष्टी काटेकोरपणे पाहतात. भाडे किती आणि अनामत किती? कागदाचे मात्र "नंतर करू" म्हणून राहून जाते. मालक ओळखीचा असतो, मोहल्ल्यातला असतो, कधी नात्यातलाही असतो. त्याच्याकडे कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे आपल्याला वाटते.

आमच्या परिचयातील एका शिवणकाम करणाऱ्या भावाने याच भरवशावर नऊ वर्षे दुकान चालवले. भाडे दरमहा रोखीने जात होते. पावती त्याने कधी मागितली नाही. मालकाचे निधन झाले आणि त्यांच्या मुलांनी सांगितले की, दोन वर्षांचे भाडे थकले आहे आणि अनामत म्हणून काही घेतल्याचे आम्हाला माहीत नाही. आपला भाऊ खरे बोलत होता, पण त्याच्या हातात एक चिठोराही नव्हता. शेवटी अनामतीवर पाणी सोडून त्याने जागा बदलली. नऊ वर्षांत जोडलेली गिऱ्हाइके जुन्या गल्लीतच राहिली.

ही वेळ आपल्यावर येऊ नये म्हणून कायदा काय सांगतो, ते समजून घेऊ.

जबाबदारी मालकाची

महाराष्ट्रात ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. त्यापूर्वी मुंबई व पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाडा येथे वेगवेगळे भाडे कायदे होते. त्यांची जागा या एका कायद्याने घेतली. ज्या शहरांना व भागांना तो लागू आहे, तेथील राहत्या जागांप्रमाणेच व्यापार, धंदा व साठवणुकीच्या जागाही त्यात येतात.

या कायद्याचे कलम ५५ प्रत्येकाने लक्षात ठेवावे. त्यात तीन गोष्टी आहेत :

१) कायदा लागू झाल्यानंतर जागा भाड्याने दिली असो वा 'लीव्ह अँड लायसन्स'ने, करार लेखी असला पाहिजे आणि १९०८ च्या नोंदणी कायद्याखाली त्याची नोंदणी झाली पाहिजे.

२) ही नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली याबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे असल्यास तसे सिद्ध करावे लागते.

३) नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

म्हणजे कागद मागणारा भाडेकरू मेहरबानी मागत नाही. मालकावर कायद्याने जे बंधन आहे, त्याचीच तो आठवण देतो. आपल्यापैकी जे बंधू स्वतः मालक आहेत त्यांनीही ध्यानात घ्यावे की, कागद टाळण्यात त्यांचेच नुकसान अधिक आहे.

अकरा महिन्यांचा गैरसमज

"अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी कशाला?" असे सर्रास ऐकू येते. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, असा नोंदणी कायद्याचा नियम आहे. त्यातून अकरा महिन्यांची प्रथा पडली. पण महाराष्ट्रात कलम ५५ मध्ये अशी कोणतीही सूट नाही. करार अकरा महिन्यांचा असला तरी तो नोंदवावाच लागतो. स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरीचा शिक्का घेतला म्हणजे नोंदणी झाली, हाही गैरसमजच आहे. नोंदणी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात होते. 'लीव्ह अँड लायसन्स'ची नोंदणी आता घरबसल्या ऑनलाइनही करता येते.

खर्चाची धास्ती घेऊ नये. साठ महिन्यांपर्यंतच्या 'लीव्ह अँड लायसन्स' करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते मुदतीतील एकूण भाडे आणि परत मिळणाऱ्या अनामतीवरील १० टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर आकारतात. नोंदणी फी वेगळी असते. हा खर्च कोणी करायचा, ते आधीच ठरवून घ्यावे.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. 'लीव्ह अँड लायसन्स'ने जागा घेणारा हा कायद्याने भाडेकरू ठरत नाही आणि त्याला भाडेकरूचे संरक्षण मिळत नाही. म्हणून सही करण्यापूर्वी मथळा नीट वाचावा.

पावतीचा हक्क

कलम ३१ प्रमाणे, जागेपोटी जी रक्कम मालक घेईल तिची लेखी पावती त्याच वेळी देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. पावती न देणे हा दंडनीय गुन्हा आहे. वर सांगितलेल्या भावाला कलम ५५ चा आधार अटींपुरता मिळाला असता. पण भाडे भरले, हे त्यालाच दाखवावे लागले असते. तेथे पावतीच कामाला येते. मालक पावती देत नसेल, तर भाडे बँकेमार्फत द्यावे म्हणजे खात्यात नोंद राहते.

करारात काय असावे?

जागेचे वर्णन व मोजमाप, माळा किंवा ओटा वापरण्याची मुभा, कोणता धंदा करणार, भाडे व ते देण्याची तारीख, अनामत आणि ती परत करण्याची मुदत, वीजबिल व मालमत्ता कर कोण भरणार, दुरुस्ती कोणाकडे, भाडेवाढ किती व केव्हा, जागा सोडताना किती दिवसांची सूचना द्यायची, एवढे मुद्दे स्पष्ट लिहावेत. नोंदणीकृत प्रत आपल्याजवळ ठेवावी. भाड्याच्या जागेवर जीएसटी नोंदणी करताना किंवा बँकेकडे कर्ज मागताना हाच कागद पुढे करावा लागतो.

बंधूंनो, चांगल्या मालकाशी संबंध चांगले असतात तेव्हाच कागद करावा. बिघाड झाल्यावर कोणी सही करीत नाही. आणि मालकाचा शब्द कितीही पक्का असला, तरी त्याच्या पश्चात तो शब्द सांगायला कोण येणार?