वेबसाइट प्रत्येक फोनवर चालली पाहिजे : सीएसएस आणि ब्राउझरमधले फरक



व्हिडिओ बघितला असेल तर ही त्याची उजळणी समजा. नसेल बघितला तरी पूर्ण मुद्दा इथे आहे. फक्त कोड इंग्रजीत कसा टाइप करायचा ते व्हिडिओत स्क्रीनवर दिसेल.

समजा, तुमचा घरगुती मसाल्यांचा धंदा आहे. एका पानाची वेबसाइट केलीत, तुमच्या फोनवर झकास दिसते. पण एखाद्या ताईंच्या जुन्या आयफोनवर ‘ऑर्डर करा’ हे बटण ब्राउझरच्या पट्टीमागे लपलं. त्या तक्रार करायला फोन करणार नाहीत. पान बंद करतील आणि दुसरीकडून मसाला घेतील. दुकानातून गिऱ्हाईक परत गेलं तर निदान आपल्याला दिसतं, इथे तेही कळत नाही.

फरक का पडतो?

सीएसएस म्हणजे पान कसं दिसावं याच्या सूचना. त्या वाचणारी इंजिनं मुख्यतः तीन : क्रोम, एज आणि सॅमसंग इंटरनेटमध्ये ब्लिंक, सफारीत वेबकिट, फायरफॉक्समध्ये गेको. आपल्याकडे आयफोनवर क्रोम टाकलं तरी आत वेबकिटच चालतं, म्हणून ‘क्रोम वापरा’ हा सल्ला तिथे कामाचा नाही.

त्यात फोनचं वय. सफारी आयओएसबरोबर अपडेट होतो. आयफोन ६ हा आयओएस १२ वरच थांबला, त्यामुळे त्याचा सफारीही तिथेच थांबला. नंतर आलेल्या सूचना त्याला कळत नाहीत.

एक नियम पाठ करा

न समजलेली ओळ ब्राउझर गुपचूप सोडून देतो आणि पुढे जातो. एकाच गोष्टीच्या दोन ओळी समजल्या, तर खालची ओळ लागू होते. म्हणून जुनी ओळ वर, नवी ओळ खाली. जुना ब्राउझर वरची घेतो, नवा खालची. क्रम उलटा केलात तर नव्या ब्राउझरलाही जुनीच ओळ लागेल.

धंद्याला नडणाऱ्या चार जागा

१. पूर्ण पडद्याची उंची. ‘१०० व्हीएच’ लिहिलं की मोबाइलवर पत्त्याची पट्टी नाही असं धरून उंची मोजली जाते. पट्टी दिसत असताना तळाचं बटण झाकलं जातं. उपाय : वरच्या ओळीत ‘८५ व्हीएच’, खालच्या ओळीत ‘१०० डीव्हीएच’. डीव्हीएच हे माप मोठ्या ब्राउझरांमध्ये २०२२ मध्ये आलं, ते पट्टीप्रमाणे बदलतं. जुन्या फोनवर फोटो थोडा बुटका दिसेल, पण बटण दिसेल.

२. बटणांमधलं अंतर. ‘कॉल करा’ आणि ‘व्हॉट्सअ‍ॅप करा’ शेजारी ठेवायला आपण फ्लेक्स वापरतो आणि अंतराला ‘गॅप’ देतो. फ्लेक्समधला गॅप सफारीत २०२१ मध्ये, १४.१ आवृत्तीत आला. त्याआधीच्या फोनवर बटणं चिकटतात आणि बोट भलत्याच बटणावर पडतं. ‘अ‍ॅट-सपोर्ट्स’ने तपासूनही इथे फसगत होते, कारण ग्रिडमधला गॅप आधीपासून चालत असल्यामुळे उत्तर ‘हो’ येतं. दोनच बटणं आहेत ना? सरळ मार्जिन द्या.

३. फॉर्मची अक्षरं. नाव-पत्त्याच्या चौकटीत अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असलं तर आयफोनवर चौकटीला हात लावताच पान झूम होतं आणि बाकीचा फॉर्म बाजूला सरकतो. १६ पिक्सेल ठेवा, विषय संपला.

४. ब्राउझरच्या स्वतःच्या सवयी. तुम्ही काहीच लिहिलं नाही तरी ब्राउझर पानाला चहूबाजूंनी ८ पिक्सेल मार्जिन देतो. बटणाचा आकार आणि फॉन्टही आपल्या मनाने ठरवतो. म्हणून सुरुवातीलाच नॉर्मलाइझ डॉट सीएसएस ही फुकट मिळणारी फाइल जोडा, सगळे ब्राउझर बऱ्यापैकी एका पातळीवर येतात.

कुठे थांबायचं?

सगळीकडे हुबेहूब सारखं दिसावं असा हट्ट नको. एका ब्राउझरमध्ये कोपरे गोल आणि दुसऱ्यात चौकोनी, याने विक्री अडत नाही. भाव वाचता आला, बटण दाबता आलं, फॉर्म भरता आला, या तिन्ही गोष्टी प्रत्येक फोनवर झाल्याच पाहिजेत. वेबसाइट दुसऱ्याकडून करून घेत असाल तर शेवटचा हप्ता देण्याआधी याच तीन गोष्टी तपासून घ्या. नवी सूचना वापरण्याआधी ‘कॅन आय यूज’ या साइटवर ती कुठल्या आवृत्तीपासून चालते ते बघा.

या आठवड्याचा गृहपाठ

एक दिवस काउंटरवर वही ठेवा. क्यूआर कोड स्कॅन करताना किती जणांच्या हातात आयफोन आहे, किती जणांकडे अँड्रॉइड आणि त्यातले जुने किती, याच्या रेघा मारा. मग ओळखीच्या गिऱ्हाइकांपैकी तिघांना, ‘जरा आमची साइट उघडून एक ऑर्डर टाकून बघता का?’ असं विचारा. तुम्ही मध्ये बोलू नका, फक्त बोट कुठे अडतंय ते बघा. जिथे अडलं, ती ओळ आधी दुरुस्त करा.