एका पेशीचा लांब रस्ता

'पेशी' हा शब्द ऐकला, की तुम्हांला कोर्टातली पेशी आठवेल. मराठीत मात्र पेशी म्हणजे आपले शरीर ज्या बारीक घटकांचे बनले आहे, त्यांतील एक घटक. उर्दूत आपण तिला खलिया म्हणतो.

बहुतेक पेशी सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. चेतापेशीची लांबी मात्र थक्क करणारी असू शकते. आपल्या पाठीच्या कण्यातील काही चेतापेशींचा एक धागा थेट पायापर्यंत जातो. मोठ्या माणसात तो सुमारे 1 मीटर लांब असतो! जाडी मात्र केसाहूनही कितीतरी कमी. या धाग्याला अक्षतंतू म्हणतात.

एवढ्या लांब धाग्याला जागोजागी ऊर्जा लागते. ती तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, पुरवतात. त्या पेशीच्या मुख्य भागातून पायाकडे कशा पोहोचतात? अक्षतंतूत अतिशय बारीक नळ्यांचे जणू रूळच टाकलेले असतात. कायनेसिन नावाचे प्रथिन तंतुकणिकेला त्यांवरून दूरच्या टोकाकडे नेते. डायनीन नावाचे दुसरे प्रथिन तिला परत आणते. हा वेग सेकंदाला साधारण 1 मायक्रोमीटर, म्हणजे मीटरचा दहा लाखावा भाग! न थांबता गेली, तरी तंतुकणिकेला पायापर्यंत पोहोचायला 11-12 दिवस लागतील. हिशेब वहीत करून पाहा. शिवाय ती वाटेत थांबते. जिथे काम जास्त चालले असेल, तिथे कॅल्शियम वाढते आणि ती तिथेच मुक्काम करते.

काम करता करता तंतुकणिका झिजते, बिघडते. बिघडलेली तंतुकणिका पेशीला अपायही करते. कातडीची पेशी मेली, तर नवी येते. चेतापेशी मात्र बहुधा जन्मभर तीच राहते. म्हणून तिला आपले घर स्वच्छ ठेवावेच लागते.

पण बिघडलेली कोणती, हे कसे कळते? घरातली माणसे गावाला गेली, की दारात वर्तमानपत्रे साचतात. इथेही तसेच होते. चांगली तंतुकणिका 'पिंक-1' नावाचे प्रथिन आत ओढून घेते व ते नष्ट होते. बिघडलेलीला ते ओढता येत नाही. ते तिच्या दारातच साचते. ते पाहून 'पार्किन' नावाचे प्रथिन येते आणि तिच्यावर खुणा करते. मग तिला रुळांशी जोडणारा दुवा तुटतो, ती थांबते. एक पिशवी तिला वेढून टाकते. शेवटी लयकारिका तिचे पचन करतात. त्यातील उपयोगी माल पेशी पुन्हा वापरते. पेशी आपलेच भाग असे कसे पचवते, याच्या शोधासाठी जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना 2016 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पार्किन हे नाव पार्किन्सन या आजारावरून पडले. त्यालाच कंपवात म्हणतात. जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरांनी 1817 मध्ये त्याचे वर्णन केले. पार्किनचे जनुक 1998 साली जपानमधील संशोधकांना सापडले. ते बिघडले, तर तरुणपणीही हा आजार होऊ शकतो. असे रुग्ण थोडे. बहुतेकांना तो उतारवयात होतो आणि त्याचे नेमके कारण सांगता येत नाही.

आमच्या मोहल्ल्यातील एका चाचांना हा आजार आहे. त्यांचा हात मांडीवर स्वस्थ असला, की जास्त थरथरतो. लहान मुले विचारतात, "चाचा, थंडी वाजते का?" चाचा हसतात. चाची त्यांना चहा अर्धा कप देतात, तो संपला की उरलेला अर्धा.