रकान्यातलं ‘निरंक’

अरे, निवड यादीत नाव येऊनही ‘चारित्र्य पडताळणीत अपात्र’ असं पत्र हातात पडलं, म्हणून लगेच वकिलाकडे धावू नकोस. आधी ते पत्र नीट वाच. गुन्हा दाखल झाला होता म्हणून नाकारलंय, की तो साक्षांकन नमुन्यात लिहिला नाहीस म्हणून? आस्थापना शाखेत माझ्या टेबलावरून गेलेल्या फायलींत दुसरं कारणच जास्त पोरांना नडलं. मिरवणुकीतली हाणामारी साहेब समजून घेतात. रकान्यातलं ‘निरंक’ खुपतं.

पत्रात कारण नसेल तर माहितीच्या अधिकारात पोलिसांचा अहवाल आणि पडताळणीवर निर्णय घेणाऱ्या समितीचं इतिवृत्त माग. उत्तराची मुदत 30 दिवस. अहवालात कधीकधी नुसतं ‘गुन्हा दाखल’ असतं, पुढे निकाल काय लागला त्याचा पत्ता नसतो.

कोर्टाच्या नक्कल विभागातून निकालाची प्रमाणित प्रत काढ आणि सगळी वाच. सुटलास, पण कसा? पुरावाच नव्हता, साक्षीदार फितूर झाले, की फिर्यादीशी तडजोड झाली? 2013 साली मेहर सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की तडजोडीनं सुटलेल्याला पोलिसांत घ्यायलाच हवं असं नाही. त्याच कोर्टानं 2011 साली दिल्ली पोलिसांच्या भरतीतल्या संदीप कुमारला मात्र, अर्जात केस लिहिली नव्हती तरी, तरुणपणचा अविचार म्हणून सांभाळून घेतलं.

तुझा खरा आधार 2016 चा अवतार सिंग निकाल. घोषणाबाजीसारखा किरकोळ गुन्हा, तोही पोरवयातला, लिहायचा राहिला तर माफ करता येतो. अर्जातला प्रश्नच मोघम असेल तर दडवल्याचा ठपका बसत नाही. पण सगळं खरं लिहिलं तरी नेमायचं की नाही, हे ठरवायचा अधिकार नेमणूक करणाऱ्या कार्यालयाचाच. म्हणून त्या कार्यालयाला द्यायच्या निवेदनात ‘नोकरी द्या’ असा धोशा नको. ‘वय, गुन्ह्याचं स्वरूप, निकालाची कारणं पाहिली गेली नाहीत, फेरविचार करावा,’ एवढंच लिही, तारीखवार, दोन पानांत. घटनेच्या दिवशी तुला 18 पूर्ण नव्हती आणि केस बाल न्याय मंडळापुढे चालली असेल, तर 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 24 सगळ्यात वर घाल.

सरपंचाच्या दाखल्यासाठी पळू नकोस. तो कुणालाही मिळतो. गुन्ह्याचा प्रसंग ठाऊक असलेल्या शिक्षकाचं किंवा एनसीसीच्या अधिकाऱ्याचं पत्र आण. आणि ‘सायबर कॅफेवाल्यानं फॉर्म भरला’ ही सबब काढूच नकोस, खाली सही तुझी आहे.

निवेदन दिल्यावर पोच घे, आवक क्रमांकासकट. तिथे नाहीच जमलं तर मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण: मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर. अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत. निवेदनावर सहा महिने उत्तरच आलं नाही, तर ते वर्ष त्या सहा महिन्यांनंतर मोजायचं. हायकोर्टात थेट जाता येत नाही, मॅटचा निकाल लागल्यावरच.