लेकराच्या हातावरची गोळी : दुकानदारांनी शिकावयाचा धडा

व्यापारी बंधूंनो, आपल्या बाजारपेठेत एक जुनी रीत आहे. बाई लेकराला कडेवर घेऊन दुकानात आली की आपण बरणीचे झाकण उघडतो आणि लेकराच्या हातावर एक गोळी ठेवतो. दुकान कापडाचे असो, किराण्याचे असो की भांड्यांचे, भोकरदनसारख्या तालुक्याच्या गावी ही रीत सर्रास दिसते. यात मायाही आहे आणि तिजारतही आहे. लेकरू शांत बसले म्हणजे आई निवांत साड्या पाहते. दुसरी रीत सुट्ट्या पैशांची. रुपया-दोन रुपये परत द्यायचे तर त्याऐवजी गोळ्या पुढे करायच्या. मोबाईलवरून पैसे देणे सुरू झाल्यापासून ती कमी झाली, पण बंद पडलेली नाही. या दोन्ही रीतींत जो धोका दडलेला आहे, त्याविषयी आपल्या धंद्यात कोणी बोलत नाही. म्हणून या वेळी भाव आणि उधारीचा विषय बाजूला ठेवून आम्ही हा विषय घेतला आहे.

धोका असा की गोळी, चॉकलेट किंवा दाणा लहान मुलाच्या श्वासनळीत अडकतो आणि मूल काही मिनिटांत दगावते. हे कुठेतरी दूरदेशी घडते असे कोणी समजू नये. 2023 साली आपल्याच महाराष्ट्रात, साताऱ्यात, जेली चॉकलेट घशात अडकून एक चिमुकली गेली. नोव्हेंबर 2022 मध्ये तेलंगणातील वारंगळ येथे आठ वर्षांचा मुलगा शाळेत चॉकलेट खाताना गुदमरून मरण पावला. त्याचे वडील आपल्यासारखेच दुकानदार, विजेच्या सामानाचा धंदा करणारे. परदेशातून त्यांनी लेकरांसाठी प्रेमाने आणलेले ते चॉकलेट होते. 2017 साली आंध्र प्रदेशातील एलुरू येथे खाऊच्या पुडीत निघालेले छोटे खेळणे घशात अडकून चार वर्षांचे मूल गेले. त्यानंतर केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने खाऊमध्ये खेळणी मिसळून न देण्याबाबत उत्पादकांना बजावले. या तिन्ही प्रसंगांत कोणाची नियत वाईट नव्हती. माहिती कमी पडली.

लहान मुलालाच धोका का?

याची कारणे समजून घेतली की पुढचे सगळे आपोआप समजते. पहिले कारण दातांचे. लेकराला पुढचे दात सहा-सात महिन्यांपासून येऊ लागतात, पण चावून बारीक करणाऱ्या दाढा साधारण सव्वा ते पावणेतीन वर्षांच्या दरम्यान येतात. म्हणजे दोन वर्षांचे मूल दाणा तोडू शकते, दळू शकत नाही. दाढा आल्यावरही नीट चावून गिळण्याची सवय लागायला चार-पाच वर्षे उजाडतात. दुसरे कारण श्वासनळीचे. ती लहान मुलात इतकी अरुंद असते की एक शेंगदाणाही तिला बंद करू शकतो. तिसरे कारण खोकल्याचे. आपल्या घशात काही गेले तर आपण जोराने खोकून ते बाहेर टाकतो. लेकराच्या छातीत तेवढा जोर नसतो. चौथे कारण चंचलपणाचे. मूल तोंडात गोळी ठेवून पळते, हसते, रडते. हसताना किंवा रडताना श्वास एकदम आत ओढला जातो आणि गोळी त्याच्याबरोबर जाते. कापडवाल्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. आपल्या दुकानात गादी अंथरलेली असते, मूल तिच्यावर लोळते, थानांवर उड्या मारते, आणि तोंडात आपणच दिलेली गोळी असते.

कोणता माल जोखमीचा?

बाटलीला जसे बूच बसते तशी गोल, कडक आणि गुळगुळीत वस्तू श्वासनळीत बसते. हे एकदा पटले की यादी पाठ करावी लागत नाही.

1. कडक गोळ्या : पेपरमिंट, लिमलेट, संत्रागोळी. थुंकीने त्या अधिकच निसरड्या होतात आणि चघळायच्या आतच घशात उतरतात. कांडीच्या गोळीचीही कांडी निसटते, आणि ती तोंडात धरून मूल पडले तर टाळूला इजा होते ती वेगळी.

2. जेली : वाटीतून ओढून खायची जेली सर्वांत घातक. ती मऊ असते म्हणून आई-बाप बेफिकीर राहतात. पण ती विरघळत नाही, घशाचा आकार घेऊन घट्ट बसते आणि बोटाला लागत नाही. युरोपीय संघाने 2002 साली कोंजॅक या कंदापासून केलेल्या जेलीवर आणि 2004 साली अशा छोट्या वाटीतल्या जेलीवर बंदी घातली.

3. दाणे : शेंगदाणे, फुटाणे, चिक्की, काजू-बदाम, सुपारीचे खांड. आपल्या देशात मुलांच्या श्वासनळीतून डॉक्टर जे काढतात त्यात शेंगदाणा नेहमी पुढे असतो.

4. बिया : सीताफळ, बोर, चिंचोका, खजुराची बी. आपल्या भागात यांचा हंगाम घरोघर असतो.

5. चिकट टॉफी : ती घशाला चिकटते आणि खोकल्याने सुटत नाही.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2010 साली या विषयावर निवेदन काढून खाद्यपदार्थांवर इशारा छापण्याची मागणी केली. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा पाच वर्षांखालील मुलांना अख्खे दाणे न देण्यास सांगते. आपण दुकानदारांनी सोपा हिशेब धरावा : पाच वर्षांखाली गोळी नाही, दाणा नाही, जेली नाही.

लग्न आणि समारंभ

निकाहनंतर छुहारे आणि खडीसाखर वाटली जाते, फातिहानंतर तबर्रुकमध्ये रेवडी आणि फुटाणे येतात. शेजारच्या घरून संक्रांतीला हलव्याचे दाणे येतात, गणपतीत खडीसाखर-खोबरे येते. गर्दीत मोठी माणसे मुठीने वाटतात आणि हाताला येईल त्या लेकराला देतात. रीत सोडावी असे आम्ही म्हणत नाही. एवढेच म्हणतो की लेकराचा वाटा त्याच्या आईच्या हातात द्यावा. छुहारा बी काढून, भिजवून, बारीक करून देता येतो. बताशा चुरून देता येतो, तो तोंडात विरघळतो. नवजात बाळाच्या तहनीकसाठी खजूर अगदी मऊ लगदा करून टाळूला नुसता लावावा. त्याचा तुकडा किंवा साल तोंडात राहू देऊ नये.

मग ग्राहकाचा मान कसा राखावा?

आमच्या ओळखीचे काही दुकानदार म्हणतात, बरणी काढून टाकली तर लोक कंजूष म्हणतील. त्यावर उपाय आहे. आधी आईला विचारावे, "ताई, लेकरू केवढं आहे? याला काय चालतं?" एवढ्या विचारण्यानेच बाईला बरे वाटते. लहान मुलाला मऊ बिस्किट द्यावे, तेही आईच्या हाती आणि बसवून. कापडवाल्यांकडे तर याहून चांगली वस्तू पडून असते. कटपीस आणि चिंध्यांतून शिंप्याकडून हातरुमाल शिवून घ्यावेत. गोळी पाच मिनिटांत संपते, रुमाल घरात वर्षभर राहतो आणि दुकानाची आठवण देतो. सुट्टे पैसे मात्र सुट्टेच द्यावेत. ग्राहकाचा रुपया आपल्याकडे अमानत आहे, त्याच्या बदल्यात न मागितलेला माल देणे हा चोख व्यवहार नव्हे.

ईदच्या वेळी काही दुकाने नाव छापलेले फुगे वाटतात. फुटलेल्या फुग्याचा तुकडा मूल तोंडात घालते आणि तो घशात चिकटून बसतो. तेव्हा फुगेही टाळावेत. लहान मुलांचे तयार कपडे विकणाऱ्यांनी मणी, टिकल्या आणि बटणे ओढून पाहावीत. ढिली असतील तर तो नग शिंप्याकडे परत पाठवावा.

घशात अडकलेच तर

मूल जोराने खोकत असेल, रडत असेल, बोलत असेल तर हवा जात आहे असे समजावे. त्याला खोकू द्यावे, पाठीशी उभे राहावे, पाणी पाजू नये. पण खोकला येत नाही, आवाज निघत नाही, ओठ निळे पडतात, असे दिसले तर क्षणही दवडू नये. एकाने 108 वर फोन करावा, दुसऱ्याने पुढीलप्रमाणे करावे.

एक वर्षाच्या आतील बाळ : बाळाला आपल्या हातावर पालथे घ्यावे, डोके छातीपेक्षा खाली ठेवावे, हनुवटीला आधार द्यावा. दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या मागच्या भागाने पाच थापा माराव्यात. वस्तू निघाली नाही तर बाळाला उताणे करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाबावे. पोट दाबू नये.

एक वर्षावरील मूल : त्याला पुढे वाकवून खांद्यांच्या मध्ये तशाच पाच थापा माराव्यात. नाही निघाले तर मागून कवेत घेऊन, बेंबीच्या वर आणि फासळ्यांच्या खाली मूठ ठेवून, पाच वेळा आत आणि वर असा झटका द्यावा. पोट दाबण्याची ही पद्धत अमेरिकेतील डॉ. हाइमलिक यांनी 1974 साली मांडली.

वस्तू निघेपर्यंत पाच थापा आणि पाच दाब आळीपाळीने चालू ठेवावेत. मूल बेशुद्ध झाले तर त्याला सपाट जागी निजवून छाती दाबणे आणि तोंडाने श्वास देणे सुरू करावे. दोन गोष्टी मात्र करू नयेत. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालू नये, ती आणखी खाली जाते. कोणत्याही वयाच्या मुलाला पाय धरून उलटे लटकवू नये.

वस्तू निघाली तरी, पोट दाबले असल्यास, मुलाला डॉक्टरांना दाखवावे. तसेच दाणा खाताना ठसका लागला, मूल सावरले, पण नंतर अनेक दिवस खोकला किंवा घरघर राहिली, तर दाणा फुप्फुसाच्या नळीत असू शकतो. त्याला दमा किंवा सर्दी समजून औषधे देत बसू नये. डॉक्टरांना तो ठसका आवर्जून सांगावा. असा दाणा मोठ्या इस्पितळात दुर्बिणीने काढतात.

बंधूंनो, मेंदूला चार-पाच मिनिटे हवा मिळाली नाही की मोठी हानी सुरू होते. आपल्या गल्लीबोळांत तेवढ्या वेळात कोणतीच गाडी पोहोचू शकत नाही. म्हणजे पहिली मदत दुकानात उभ्या असलेल्या माणसालाच करायची आहे. तेव्हा वरील कृती आपल्या नोकरांना दाखवून द्यावी, उशीवर सराव करून घ्यावा, 108 हा क्रमांक गल्ल्याजवळ मोठ्या अक्षरांत लावावा. आणि बरणी ठेवायचीच असेल तर ती लेकराच्या हाताला न लागेल अशी वरच्या फळीवर ठेवावी.