शिसपेन्सिल, कोळसा आणि हरवलेला अणू

मऊ शिसपेन्सिलीचा बोटभर तुकडा घ्या व त्याची दोन्ही टोके तासा. तीन सेल, विजेरीचा बल्ब आणि तारा यांच्या मंडलात तो जोडा. बल्ब मिणमिणता का होईना, लागेल. आता त्याच्या जागी वर्धा खोऱ्यातील दगडी कोळशाचा खडा ठेवा. बल्ब लागणार नाही. (घरातील विजेशी मात्र हा खेळ मुळीच करू नका!)

पेन्सिलीत शिसे नसते. ग्रॅफाइट व चिकणमाती असते. ग्रॅफाइट आणि कोळसा या दोहोंत प्रमुख द्रव्य कार्बनच. मग असे का?

ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे अणू षट्कोनी जाळीत, एकमेकांपासून 0.142 नॅनोमीटर अंतरावर बसलेले असतात. प्रत्येक अणूच्या बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन. त्यांपैकी तीन शेजाऱ्यांशी बंध जोडण्यात गुंततात. चौथा साऱ्या पत्र्यावर मोकळा हिंडतो. कोळशात हे पत्रे म्हणजे नुसत्या चिंध्या! इलेक्ट्रॉन आपल्या चिंधीतच अडकून पडतो. हवा न लागू देता कोळसा सुमारे 1000 अंश सेल्सियसपर्यंत तापवला, तर हायड्रोजन निघून जातो, चिंध्या जोडल्या जातात आणि तयार झालेला कोक वीज वाहून नेतो.

पण अखंड पत्र्यातला एकच अणू निघाला तर? इथे खरी गंमत आहे. जाळीतील जागा बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे आलटून-पालटून दोन प्रकारच्या असतात. म्हणा, काळ्या व पांढऱ्या. एक काळी जागा रिकामी झाली की पांढऱ्या जागांवरील एका इलेक्ट्रॉनला जोडीदार उरत नाही. तो त्या खड्ड्याभोवतीच, पांढऱ्या जागांवर, घुटमळतो. जोडीविना इलेक्ट्रॉन म्हणजे इवलासा चुंबकच.

इलेक्ट्रॉन लाटेसारखाही वागतो. पुलगावच्या पुलाखाली खांबांवर आपटून परतणाऱ्या लाटा येणाऱ्या लाटांत मिसळतात व पाण्यावर नक्षी उमटते, ती आठवा. हरवलेल्या अणूभोवती इलेक्ट्रॉनांची अशीच नक्षी दिसते.

दिसते कशाने? बिनिग व रोरर यांनी 1981 मध्ये बनवलेल्या, अतिसूक्ष्म सुई पृष्ठभागावरून फिरवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने. त्यांना 1986 चे नोबेल पारितोषिक मिळाले. माद्रिदच्या शास्त्रज्ञांनी ग्रॅफाइटवर आयनांचा मारा करून मुद्दाम असे खड्डे पाडले, आणि प्रत्येक खड्ड्याभोवती घुटमळणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा ठळक संकेत त्यांना याच यंत्राने मिळाला. त्यांचा निबंध 2010 मध्ये प्रसिद्ध झाला.

चुलीतला अर्धवट जळलेला आणि पुरता जळलेला लोणारी कोळसा, दोन्ही पूर्ण थंड झाल्यावर याच मंडलात जोडून पाहा. कोणता जास्त वीज वाहून नेईल, ते आधी वहीत लिहून ठेवा.