पोलिसांची चौकशी कोणी करायची?

गावाजवळ अपघात झाला, माणूस दगावला, तर काय होते? ठाण्याला वर्दी जाते. पोलीस येतात. जागा पाहतात, पंचनामा लिहितात. पंच त्यावर सही करतात. (आता आपल्याला वाचता येते. तेव्हा सही करण्याआधी पंचनामा वाचून घ्यावा. कोणी घाई केली तरी वाचावा.)

पण ज्या अपघातात पोलिसांचेच नाव आले, त्याचा तपास कोणी करायचा? कुंपणाने शेत खाल्ले का, हे कुंपणालाच विचारून कसे भागेल?

हा प्रश्न वेल्समध्ये कसा उभा राहिला, ते पाहू. वेल्स हा ब्रिटनचा एक भाग. कार्डिफ हे तिथले मोठे शहर. त्या शहरात ईली नावाची कामकरी लोकांची वस्ती आहे.

२२ मे २०२३. सोमवारची संध्याकाळ, सहाचा सुमार. दोन मुले विजेवर चालणाऱ्या सायकलीवरून चालली होती. एक सोळा वर्षांचा, दुसरा पंधराचा. दोघे जिवलग दोस्त. सायकलीला अपघात झाला आणि दोघेही गेले.

वस्तीत एकच बोलणे सुरू झाले. पोलीस मागे लागले होते, म्हणून पोरे मेली! रात्री दंगल पेटली. मोटारी जळाल्या. पुष्कळ पोलीस जखमी झाले.

तिथे पोलिसांवर देखरेख ठेवायला लोक एक माणूस निवडून देतात. त्याने दुसऱ्या दिवशी सांगितले, पाठलाग झाला ही नुसती अफवा आहे. मग एका घरावरच्या कॅमेऱ्यातले चित्र बाहेर आले. त्यात सायकल पुढे आणि पोलिसांची गाडी मागे, असे साफ दिसत होते. वेळ होती सहाला एक मिनिट कमी. त्यानंतर पोलिसांनीही कबूल केले की गाडी मागे होती. पण ते म्हणाले, अपघात झाला त्या घडीला गाडी त्या रस्त्यावर नव्हती, सुमारे अर्धा मैल दूर होती.

आता खरे काय? लोकही पुरते चुकले नव्हते आणि पोलीसही सगळे खोटे बोलत नव्हते, असे असू शकते. मधल्या दोन-तीन मिनिटांत काय घडले, ते कोणी तरी नीट मोजून पाहायला हवे होते. शिवाय आईबापांना उत्तर हवे होते. घरातली दोन पोरे गेलेली. त्यांना अफवाही नको होती आणि सारवासारवही नको होती.

इंग्लंड-वेल्समध्ये असा कायदा आहे की पोलिसांशी गाठ पडल्यावर कोणी मेला, तर पोलिसांनी ते प्रकरण एका बाहेरच्या कचेरीला कळवलेच पाहिजे. या कचेरीचे आजचे रूप २०१८ सालचे आहे. त्याआधी २००४ पासून तिचे नाव दुसरे होते. तिचा मुख्य अधिकारी पूर्वी कधीही पोलिसात नोकरी केलेला नसावा, असे बंधन आहे. तपास करणाऱ्यांत मात्र काही जण जुने पोलीस असतात. काही लोकांना ते पटत नाही. पण तपासाचे काम येणारी माणसे तरी आणायची कुठून? दोन्ही बाजूंचे म्हणणे खोटे नाही.

या कचेरीने काम हाती घेतले. तपासनीस घरोघर फिरले. कॅमेऱ्यांतली चित्रे गोळा केली. तिथे पोलिसांच्या छातीवरही कॅमेरा असतो, तेही चित्र घेतले. चित्रावरच्या वेळा एकापुढे एक मांडल्या. गाडी कोणत्या रस्त्याने गेली, कुठे थांबली, कुठून वळली, ते पाहिले. एक प्रश्न मुद्दाम लिहून ठेवला होता: गाडी नुसती मागून जात होती, की तो पाठलाग होता? ऐकायला ही शब्दांची कसरत वाटते. पण पाठलाग कधी करावा, कधी सोडून द्यावा, याचे पोलिसांना नियम असतात. पाठलाग ठरला, तरच ते नियम लागू होतात. म्हणून त्या एका शब्दावर पुष्कळ काही अवलंबून होते.

गाडी चालवणाऱ्या पोलिसाला त्याच वर्षी नोटीस मिळाली. नोटीस म्हणजे गुन्हा शाबीत झाला असे नव्हे. तुमच्या वागण्याची चौकशी चालू आहे, एवढेच त्यात कळवलेले असते. पुढे धोकादायक रीतीने गाडी चालवली का, याचाही तपास झाला.

कोर्टात खटला भरायचा की नाही, हे ती कचेरी ठरवत नाही. ते सरकारी वकिलांचे खाते ठरवते. कागद त्यांच्याकडे गेले. मार्च २०२५ मध्ये त्यांनी सांगितले की पुरावा पुरेसा नाही, खटला भरता येणार नाही. मुले जाऊन तेव्हा दोन वर्षे होत आली होती. घरच्यांना हा निर्णय पटला नाही. मात्र खटला होत नाही म्हणून नोकरीचे नियम मोडले की नाही, हा प्रश्न मिटत नाही. तो वेगळा पाहावा लागतो. मृत्यू कसा झाला, याची न्यायालयीन चौकशीही तिथे वेगळी असते.

वाचून झाल्यावर आपसात बोला:
घरावरच्या कॅमेऱ्याचे चित्र मिळाले नसते, तर काय झाले असते?
पंचनाम्यात वेळ आणि अंतर का लिहितात?